लॉग कचरा वाटतो म्हणून बंद करणाऱ्यांना

निशाचर
‘पोस्टग्रेसचा लॉग म्हणजे कचराकुंडी. दिवसभर नुसतं डुप्लिकेट की, डुप्लिकेट की. ॲपच्या चुका सर्व्हरने का लिहून ठेवायच्या? लॉग-मिन-मेसेजेस फेटलवर टाका आणि सुखाने झोपा.’ कालच्या या पोस्टखाली अंगठ्यांचा पाऊस पडलाय. (नवख्यांसाठी: पोस्टग्रेस हा डेटाबेस, लॉग ही त्याची नोंदवही, डुप्लिकेट की म्हणजे एकदाच असायला हवी ती नोंद दुसऱ्यांदा घालू पाहणं, आणि लॉग-मिन-मेसेजेस म्हणजे कुठल्या पातळीपासून वरचं लिहायचं ती सेटिंग.) गप्प बसायचं ठरवलं होतं, पण नाही राहवलं.

सुखाने मीही झोपलो होतो. एका जुन्या नोकरीत हीच सेटिंग माझ्या गळ्यात पडली. एका टेबलाचं एक पान, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा एक तुकडा, खराब झालं. ‘इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक’ हा मेसेज येतो एरर पातळीवर, म्हणजे आमच्याकडे तो लिहिलाच जात नव्हता. ॲप तो पकडून ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणत होतं. लोक बिचारे करत होते प्रयत्न. आम्हाला पत्ता लागला तोवर शेवटचा धड बॅकअप मुदत संपून उडालेला.

पातळीचं नाव सेशनचं, म्हणजे त्या एका कनेक्शनचं, काय झालं ते सांगतं, तुम्ही किती घाबरायचं ते नाही. एरर म्हणजे चालू कमांड मेली, फेटल म्हणजे कनेक्शन गेलं, पॅनिक म्हणजे सगळ्यांचीच गेली. म्हणून कुणी पासवर्ड चुकवला तर फेटल, आणि डेटा सडला तर साधं एरर. तुम्ही पहिलं ठेवलंत आणि दुसरं फेकलंत!

उंटावरून
ती पोस्ट माझी. पान खराब झाल्याचं वाईट वाटलं, पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. सडलेला डेटा आणि कॉलमच्या नावातली चूक एकाच पातळीवर येत असतील, तर दोष माझ्या सेटिंगचा की नावं ठेवणाऱ्यांचा? आणि ‘लॉग’ नावाची पातळी बघा. क्लायंटच्या सेटिंगमध्ये ती डीबगच्या शेजारी, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एरर आणि फेटलच्या मधे. हे कुठल्या शहाण्याने ठरवलं?

निशाचर
म्हणजे ती मधे बसते हे माहीत आहे तुम्हाला. मग फेटल लावल्यावर चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं), स्लो क्वेरी, लॉकची वाट पाहणं हे सगळंही गेलं, हेही माहीत असेलच.

उंटावरून
…ते लक्षात नव्हतं. बरं.

खडूस म्हातारा
लॉगला शिव्या घालण्याआधी ॲप दुरुस्त करा. आधी इन्सर्ट आपटायची, अपवाद पकडायचा, मग अपडेट करायचं, ही कुठली पद्धत? आपटलेली प्रत्येक इन्सर्ट टेबलात एक मेलेली रो टाकून जाते. वर ट्रान्झॅक्शन आयडी खर्च. मग हेच लोक विचारतात की टेबल फुगतं का आणि व्हॅक्यूम, म्हणजे मेलेल्या रोंची साफसफाई, सारखी का चालते. ‘रो आधीच असेल तर अपडेट कर’ हे इन्सर्टमध्येच सांगणारं ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ पोस्टग्रेस ९.५ पासून आहे, म्हणजे २०१६. लॉग ओरडत होता तो कचरा नव्हता, तक्रार होती. तुम्ही तक्रारपेटीच फोडलीत.

साधीसुधी
म्हातारबुवा, ॲप दुरुस्त होईल तेव्हा होईल. त्या एररच्या खालची ओळ कुणी वाचलीये का? ‘डिटेल: की (ईमेल)=(अमुक@तमुक) ऑलरेडी एक्झिस्ट्स.’ ग्राहकाचा पत्ता, उघडा, साध्या फाइलमध्ये.

आमच्याकडे एकाने मदत मागताना आख्खी लॉगफाइल बाहेरच्या सल्लागाराला मेल केली. त्यानंतरचे दोन आठवडे मी कुठल्या ओळीत कुणाचा पत्ता गेला याची यादी करत बसले होते. लॉग ठेवा की फेका, तुमचं काय ते होऊ दे. त्यात काय लिहिलं जातंय यावर कुणी बोलतच नाही.

निशाचर
ते डेटाबेसचं पाप नाही. लॉग कलेक्टर फाइल ०६०० परवानगीने बनवतो, म्हणजे मालकाशिवाय कुणाला वाचता येत नाही. मेल करणाऱ्याला पकडा.

साधीसुधी
वा. म्हणजे भांडं मांजरासमोर उघडं ठेवायचं आणि मांजराला पकडायचं. आणि आज लॉग त्या ०६०० मध्ये राहतो कुठे? तो मध्यवर्ती सर्व्हरवर जातो, तिथे अर्धी कंपनी शोधत बसते.

खडूस म्हातारा
ताई, हा विचार केलेला आहे, फक्त उलट्या बाजूने. डेडलॉक झाला, म्हणजे दोन प्रोसेस एकमेकींच्या लॉकसाठी अडून बसल्या, की क्लायंटला प्रोसेसचे नंबर दिसतात आणि ‘तपशिलासाठी सर्व्हर लॉग बघा’ असा हिंट. दुसऱ्याची क्वेरी फक्त लॉगमध्ये. कोडमध्ये त्यासाठी वेगळं फंक्शनच आहे, एररडिटेल-लॉग. गृहीत असं की लॉग वाचणारा घरचा माणूस आणि क्लायंट परका.

साधीसुधी
तेच गृहीत जुनं झालंय म्हणतेय मी.

निशाचर
मग लॉगची व्हर्बोसिटी टर्स, म्हणजे त्रोटक, करा. डिटेल जातं.

साधीसुधी
हिंट आणि कॉन्टेक्स्टही जातं. आत्ता ज्या डेडलॉकच्या क्वेऱ्यांचं कौतुक झालं, त्याही डिटेलमध्येच असतात, त्याही जातात. आणि स्टेटमेंटची ओळ राहतेच! ज्यांचं ॲप पत्ता थेट क्वेरीत चिकटवतं त्यांचा पत्ता तिथे. मी हे करून बघितलंय हो, सल्ला देण्याआधी.

निशाचर
बाइंड पॅरामीटर वापरा, म्हणजे पत्ता क्वेरीत न चिकटवता वेगळा पाठवा, मग तिथे नुसतं डॉलर-एक दिसतं. हेही आता डेटाबेसने शिकवायचं का?

साधीसुधी
तुमचा सूर बदला आधी. रात्री पेजर वाजला म्हणजे बाकीचे सगळे मूर्ख होत नाहीत.

एफसिंकग्रस्त
पातळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून.

खडूस म्हातारा
आला. वाटच बघत होतो.

एफसिंकग्रस्त
हसा. एफसिंक, म्हणजे ‘हे खरंच डिस्कवर लिही’ हा ऑपरेटिंग सिस्टिमला हुकूम, फसलं की पूर्वी नुसतं एरर यायचं. पुढचा चेकपॉइंट पुन्हा प्रयत्न करायचा आणि ‘झालं’ म्हणायचा, कारण लिनक्सने ती पानं तोवर स्वच्छ म्हणून खूण केलेली असायची. डेटा डिस्कवर गेलेलाच नाही आणि पुरावा म्हणून लॉगात एक एरर. २०१८ मध्ये बोंब झाली, २०१९ च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांपासून तिथे पॅनिक आहे. म्हणजे पातळी चुकीची असू शकते, आणि ती बदलताही येते. ‘ती फक्त सेशनचं सांगते’ म्हणून निशाचरांनी हात झटकू नयेत.

निशाचर
तिथे पॅनिक केलं ते सर्व्हर खरोखर पाडून वॉलमधून, म्हणजे बदलांच्या आधी लिहून ठेवलेल्या नोंदींमधून, सगळं पुन्हा लिहायला लावण्यासाठी. लेबल रंगवलं नाही. उदाहरण माझ्या बाजूचं आहे, आभारी आहे.

उंटावरून, कामाचं एकच सांगतो. पातळीवर चाळू नका, एसक्यूएलस्टेटवर, म्हणजे प्रत्येक एररच्या पाच अक्षरी कोडवर, चाळा. २३ ने सुरू होणारे कोड (डुप्लिकेट की वगैरे) ॲपवाल्यांना पाठवा. ५३ म्हणजे डिस्क, मेमरी किंवा कनेक्शन संपलं, ५८ म्हणजे खालच्या सिस्टिमची भानगड, एक्सएक्स म्हणजे उठा. खराब पान एक्सएक्स००१ मध्ये येतं. लॉग-लाइन-प्रीफिक्समध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला काय छापायचं त्या सेटिंगमध्ये, टक्का-ई टाकलं की कोड प्रत्येक ओळीत दिसतो.

उंटावरून
आणि मूळच्या प्रीफिक्समध्ये तो का नाही?

निशाचर
…वेळ आणि प्रोसेस नंबर, बस, एवढंच असतं. हो, असायला हवा होता. दिलं तुम्हाला हे एक.

उंटावरून
एक तरी मिळालं. फेटल काढलं, टक्का-ई टाकलं. कोड लावल्याबरोबर ५३३०० च्या ओळी दिसल्या, कनेक्शन संपल्याच्या. त्या फेटलच असतात, म्हणजे माझ्या ‘स्वच्छ’ लॉगातही होत्या. पासवर्ड चुकल्याच्या ओळींत मिसळून गेल्या होत्या, मी बघितल्याच नाहीत. खूश?

साधीसुधी
ओळी इथे चिकटवणार असाल तर आधी पत्ते खोडा.