अनुभव धागा : झोपेआधीचा अर्धा तास

रात्री अंग आणि मन सैल करण्यासाठी तुम्ही काय करता, काय शिकवता ते इथे लिहा. योगशिक्षक, वैद्य, रोज करणारे, सगळ्यांचं स्वागत. 'मन शांत ठेवा' एवढ्याने कुणाचं काम होत नाही. डोक्याखाली काय घ्यायचं, किती वेळ, किती तेल आणि कुठे बिघडतं, हे हवं.

शिथिला
शवासनापासून सुरुवात करते, कारण सोपं समजून सगळ्यात जास्त बिघडवलं जातं ते हेच.

जागा जमिनीवर, सतरंजीवर. मऊ गादीत कंबर खचते आणि सवयीने लगेच झोप लागते. पायांत दीड फूट अंतर, चवडे आपोआप बाहेर पडू द्या. हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. आता कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. हनुवटी कपाळापेक्षा उंच दिसत असेल तर मान मागे ताणली गेली आहे. टॉवेलची एक-दोन इंचांची घडी डोकं आणि मान दोन्हींखाली घ्या, खांद्यांखाली मात्र जाऊ देऊ नका.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे जांघेतले स्नायू आखडलेले असतात. पाय सरळ केले की ते कमरेच्या मणक्यांना ओढतात, आणि कमरेखाली हात जाईल एवढी पोकळी राहते. मग दहा मिनिटांत कंबर भरून येते. गुडघ्यांखाली लोड किंवा दोन उशा ठेवल्या की ही ओढ सुटते. पुण्यातल्या अय्यंगार पद्धतीत लोड आणि घोंगड्यांच्या घड्या वापरतात, त्यामागेही हाच विचार आहे: शरीर टिकवून धरायचं काम स्नायूंकडे राहू नये.

स्थिर पडल्यावर अंग गार पडतं, म्हणून चादर आधीच पांघरा. थंडी वाजायला लागल्यावर उठून घेतली तर सगळं पहिल्यापासून. दहा ते पंधरा मिनिटं पुरे. उठताना उजव्या कुशीवर वळा, थोडं थांबा, मग हाताचा रेटा देऊन बसा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं पडू नये, कारण गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर येतो. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडा.

मुक्काम_लोणावळा
शिथिलाताई, पडून राहिल्यावर डोक्यात दुसऱ्या दिवसाची यादी सुरू होते, त्यांच्यासाठी भर घालतो. लक्षाला जायला जागा द्या. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या योगनिद्रेत क्रम ठरलेला असतो: संकल्प, मग उजव्या हाताच्या अंगठ्यापासून एकेका अवयवावरून लक्ष फिरवणं, मग श्वास उलटे मोजणं, मग जड-हलकं, गार-गरम अशा जोड्या, पुढे चित्रं, शेवटी पुन्हा संकल्प. घरी एवढं सगळं लागत नाही. अवयव फिरवून झाले की 27 पासून 1 पर्यंत श्वास मोजा, बास.

चूक होते ती वेगात. अवयवावर रेंगाळलं की विचार शिरतात, म्हणून नाव घेतलं की पुढे सरकायचं. तो भाग ढिला 'करायला' जाऊ नका, त्या प्रयत्नानेच ताण येतो.

श्वासमात्र
मोजण्यानेच ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांनी मोजू नये. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात पहिले दिवस आनापान देतात, तसं नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास फक्त बघा, लांबवू नका.

बाकीच्यांना भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुंजन करत श्वास सोडण्याचा प्राणायाम. पाठ ताठ, ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. जबडा आवळला की गुंजन घशात अडकतं. कानाच्या भोकापुढची कूर्चा बोटाने अलगद दाबा, बोट कानात घालू नका. नाकाने श्वास घ्या, गुंजन करत सावकाश सोडा. पाच ते सात आवर्तनं. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. पण शेवटच्या थेंबापर्यंत ताणलं तर पुढचा श्वास धापेने येतो आणि सगळा उपयोग जातो. कान दुखत किंवा वाहत असेल तर करू नका.

वैद्य_कृष्णाकाठ
अभ्यंगाबद्दल लिहितो. रोज सर्वांगाला तेल लावणं जमत नसेल तर अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर दिलेला आहे. त्यातलं रात्री सहज होण्यासारखं म्हणजे पादाभ्यंग. दोन्ही पायांना मिळून दोन छोटे चमचे तीळतेल, उन्हाळ्यात खोबरेल. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. एका पायाला पाच मिनिटं: टाच, तळव्याचा खळगा, बोटांची पेरं, घोटा. नंतर ओल्या फडक्याने नीट पुसा. तेलकट पायाने फरशीवर घसरून खुबा मोडण्याचा धोका वयस्कांना खराच आहे.

काशाच्या वाटीने तूप घासल्यावर तळवे काळे होतात, त्याला 'उष्णता बाहेर पडली' म्हणतात. तो रंग धातूचा असतो. तूप, घाम आणि घर्षणाने काशातलं तांबं उतरतं. वाटीने बरं वाटतं ते चोळण्यामुळे, तेव्हा काळं होईपर्यंत घासत बसायची गरज नाही.

अपचन, सर्दी-कफ किंवा ताप असताना अभ्यंग नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर तेल किती गरम आहे ते दुसऱ्याने पाहावं, आणि जखमेवर चोळू नये.

निवांत
भिंतीला पाय लावून पडणं राहिलं. भिंतीला आडवं टेकून बसा, मग वळत पाय वर न्या. समोरून सरकत गेलात तर कंबर भिंतीपासून लांबच राहते. मांडीच्या मागच्या शिरा ओढत असतील तर वीतभर मागे सरका. पाच-सात मिनिटं. मुंग्या आल्या की पाय खाली. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे वगळा.

वैद्य_कृष्णाकाठ
निरोपांतून जायफळाबद्दल विचारणा झाली. मोठ्या माणसाला कपभर दुधात, सहाणेवर उगाळून तीन-चार वळसे. पूड चमच्याने घालू नका, जास्त झालं तर छातीत धडधड आणि भ्रम होतो. लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नये. अश्वगंधा मात्र घरच्या घरी सुरू करू नका: थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, गरोदरपणात टाळा, आणि घेताना डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्या.