फोनमधला प्रोसेसर खरंच डेस्कटॉपच्या तोडीचा झालाय का? नवं मशीन घ्यायचंय, सल्ला हवा

मधलीसुट्टी
मंडळी नमस्कार. माझा डेस्कटॉप आय५-४५९० चा, म्हणजे २०१४ सालचा, ४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). इतकी वर्षं इमानेइतबारे चालला पण विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही, त्यामुळे आता नवं घ्यावंच लागणार. काम म्हणाल तर दिवसभर अँड्रॉइड ॲपचं कोडिंग, आणि रात्री ब्लेंडरमध्ये (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) केलेले सीन रेंडरला, म्हणजे त्यांची अंतिम चित्रं तयार करायला, लावून झोपतो. अधूनमधून ४के व्हिडिओची कापाकापी.

तर झालं असं की गीकबेंच ६ चे (प्रोसेसरचा वेग मोजणारी टेस्ट) आकडे बघत बसलो होतो. आयफोनमधल्या ए१८ प्रो चा सिंगल कोअर स्कोअर साधारण ३४००, आणि इंटेलच्या डेस्कटॉपवाल्या आय९-१४९००के चा ३१०० च्या आसपास. फोन पुढे! अँड्रॉइड फोनमधला स्नॅपड्रॅगन ८ एलिट पण ३ हजारांच्या वर. माझ्या डेस्कटॉपच्या तर दुपटीहून पुढे. मग डोक्यात आलं की एक तगडा फोन घ्यावा, त्याला मॉनिटर-कीबोर्ड जोडावा आणि डेस्कटॉपचा विषयच मिटवावा. हे आकडे खरे धरायचे का? की टेस्टमध्येच काही गोम आहे? कुणी असं स्वतः करून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

रात्रपाळी
आकडे खरे आहेत, त्यात गडबड नाही. लोक पटकन म्हणतात की बेंचमार्क खोटा, पण सिंगल कोअरच्या बाबतीत हे अंतर भरून निघून आता बरीच वर्षं झाली. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलचा एम१ आला तेव्हाच हे दिसलं होतं, कारण त्यातले मोठे कोअर फोनमधल्या ए१४ चेच होते आणि तरी बिनपंख्याच्या लॅपटॉपमध्ये बसून ते डेस्कटॉपच्या बरोबरीला आले. तो कोअर घड्याळाच्या एका ठोक्यात ८ इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला दिलेले हुकूम) डिकोड करायचा, म्हणजे उलगडायचा, त्यावेळचे इंटेल-एएमडीचे चार-पाच. हे फोनमधले प्रोसेसर आर्म पद्धतीचे. आर्मच्या ६४ बिट मोडमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शन ४ बाइटचीच असते त्यामुळे पुढची कुठे सुरू होते ते आधीच माहीत, एकदम आठ उचलता येतात. एक्स८६ मध्ये, म्हणजे इंटेल-एएमडीच्या पद्धतीत, १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत काहीही असू शकतं, तिथे आधी तुकडे पाडण्यातच मेहनत जाते.

आणि असा एकदम जास्त इन्स्ट्रक्शन उचलणारा रुंद कोअर असला की क्लॉक (ठोक्यांचा वेग) कमी ठेवूनही तेवढंच काम होतं. क्लॉक कमी म्हणजे व्होल्टेज कमी, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हा फरक फार मोठा पडतो. आय९-१४९००के ६ गिगाहर्ट्झला नेतात तेव्हा शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाठ वॅट जळतात.

अजून एक, आर्मला 'मोबाईलवाला' म्हणून कमी लेखणं मला अजिबात पटत नाही. पहिली आर्म चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये चालू झाली ती एकॉर्न कंपनीच्या डेस्कटॉपसाठीच. तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. स्टीव्ह फर्बर यांनी करंट मोजायला मीटर लावला तर मीटर शून्य, आणि चिप आपली प्रोग्राम चालवतेय. नंतर लक्षात आलं की बोर्डावरून चिपला मुख्य वीजच मिळत नव्हती, बाकीच्या पिनांमधून जी पाझरत होती तेवढ्यावरच ती चालली होती! २०२० मध्ये जगातला सगळ्यात वेगवान ठरलेला जपानचा फुगाकू सुपरकॉम्प्युटरही आर्मवरच. त्यामुळे प्रश्न आर्म की एक्स८६ हा नाहीच, चिपला किती वीज देताय आणि तिची उष्णता कुठे काढताय हा आहे.

खटपट्या
वरचं सगळं बरोबर, पण मी हे दोन महिने करून बघितलंय म्हणून सांगतो. फ्लॅगशिप फोन, यूएसबी-सी हबला मॉनिटर, कीबोर्ड, माउस, आणि कोडिंगला टर्मक्स (फोनवर लिनक्सचं टर्मिनल देणारं ॲप). ब्राउझर, मेल, डॉक्युमेंट याला तर वाटतच नाही फोन आहे म्हणून, अगदी झटपट.

मग एक दिवस बऱ्यापैकी मोठा सी++ चा प्रोजेक्ट कंपाइलला (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला) लावला. पहिली दोन-तीन मिनिटं फाइली इतक्या भराभर सरकत होत्या की मी खूश. पाचव्या-सहाव्या मिनिटाला कॅमेऱ्याच्या बाजूची काच हातात धरवेना, मॉनिटरवर एकेका फाइलला ओळ पुढे सरकायला वेळ लागायला लागला, क्लॉक बघितला तर निम्म्याच्या जवळ आलेला. फोन टेबल फॅनसमोर उभा करून ठेवला तर पुन्हा वेग आला, म्हणजे दोष चिपचा नव्हताच, उष्णतेला बाहेर जायला वाट नव्हती.

वर अजून एक ताप. अँड्रॉइड १२ पासून ॲपने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेस (उपकामं) सगळ्या मिळून ३२ च्या वर गेल्या की सिस्टिम त्या मारायला लागते, आणि मोठ्या बिल्डमध्ये तो आकडा सहज ओलांडतो, त्यामुळे बिल्ड मध्येच गायब. उपाय आहे, डेव्हलपर सेटिंगमधून बंद करता येतं, पण मला ते कळेपर्यंत दोन रात्री गेल्या.

गीकबेंचमध्ये हे दिसत नाही कारण तिथे छोटी छोटी कामं असतात आणि मध्ये मध्ये विश्रांती. फोन बघायचाच असेल तर थ्रीडीमार्कची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट लावा, मिनिटभराचे २० राउंड सलग चालतात, पहिला आणि विसावा स्कोअर शेजारी ठेवा. ती जीपीयूची (ग्राफिक्स चिपची) टेस्ट आहे पण उष्णतेचा हिशोब तोच. आणि तुमच्या बाबतीत मुळातच अडचण अशी की अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्लेंडर दोन्ही अँड्रॉइड फोनवर अधिकृतपणे चालत नाहीत.

पाचवाकप
मधलीसुट्टी, आधी एक सांगा, तुमचं काम एका दमात किती वेळ चालतं? अर्ध्या मिनिटात संपतं की तासन्‌तास? सगळं उत्तर त्यावर आहे.

मधलीसुट्टी
आत्ता मोजून आलो. कोडिंगमध्ये छोटा बदल करून बिल्ड ४० सेकंद, सगळं पुसून केलं तर ६ मिनिटं. रेंडर मात्र रात्री अकराला लावतो आणि सकाळी उठलो की कधी झालेलं असतं, कधी नसतं. व्हिडिओ एक्सपोर्ट महिन्यातून दोनदा वगैरे.

पाचवाकप
मग फोनचा विचार सोडा, मनापासून सांगतो. फोन सलग चालवला की ४-५ वॅटच्या आसपास येऊन बसतो. आय९-१४९००के ला २५३ वॅटपर्यंत मुभा आहे, एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्स मध्ये १६ कोअर ३२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), आणि डोक्यावर भलामोठा कूलर. रात्रभराच्या रेंडरमध्ये एक कोअर किती चपळ आहे याला काही अर्थ राहत नाही, किती कोअर किती तास त्याच वेगाने चालतात ते बघायचं.

त्यात रेंडर सीपीयूवर करायचं कारणच नाही. ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन जीपीयूवर कितीतरी पटीने वेगात चालतं, आणि तिथे तर फोन आणि डेस्कटॉपची तुलनाच नको. फोनची मेमरी ६४ बिट रुंदीची, एलपीडीडीआर५एक्स प्रकारची असली तरी तिचा वेग सेकंदाला ७०-८० जीबीच्या घरात, आणि ती सीपीयू, जीपीयू, स्क्रीन सगळ्यांत वाटून. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला १००८ जीबी. व्हिडिओ एक्सपोर्टमध्ये मात्र फोन खरंच टक्कर देतो कारण एन्कोडिंगला वेगळं हार्डवेअरच असतं.

रात्रपाळी
यात एक मधली वाट आहे ती सुटू नये. ॲपलचा एम४ चिपवाला मॅक मिनी. कोअर आयफोनमधल्याच घराण्यातले, पण पंखा आहे आणि मेमरीचा वेग १२० जीबी प्रति सेकंद. अँड्रॉइड स्टुडिओ, ब्लेंडर दोन्ही नेटिव्ह, म्हणजे थेट या चिपवर, चालतात, एम्युलेटरही (ॲप तपासायचा नकली फोन) आर्मचाच असल्याने भाषांतराचा बोजा नाही. कोडिंग मुख्य असेल तर मी डोळे झाकून हेच सुचवेन. रॅम मागून वाढवता येत नाही, घेतानाच विचार करून घ्या.

मधलीसुट्टी
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं खोलात जाऊन सांगाल असं वाटलं नव्हतं. मिनी मोहात पाडतोय खरा, पण माझं अर्धं काम रेंडरचं आहे आणि हल्ली सीन ८ जीबीच्या पुढे जायला लागलेत. तर डेस्कटॉपच असेंबल करायचा ठरवतोय, जीपीयूवर जास्त खर्च आणि प्रोसेसर मधला. ८ कोअर पुरतील ना?

पाचवाकप
पुरतील. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं, १६ जीबी व्हीरॅमचं (कार्डाची स्वतःची मेमरी) बघा, कारण सीन व्हीरॅममध्ये मावला नाही की वेग एकदम कोसळतो किंवा रेंडरच थांबतं. रॅम ६४ जीबी, पण दोन स्टिकमध्ये, एकच स्टिक लावली तर मेमरीचा वेग निम्मा होतो. पॉवर सप्लाय कार्डाला लागतो त्याच्यापेक्षा थोडा वरचा घ्या, आणि कॅबिनेट पुढून जाळीचं.

खटपट्या
आणि मशीन आलं की पहिल्याच रात्री तुमचा जुनाच सीन लावून तापमानाचा लॉग ठेवा, कूलर नीट बसलाय की नाही ते तेव्हाच कळतं. वेळ किती लागला तो इथे टाका, मलाही बघायचाय.