टेनिसच्या सर्व्हिससाठी खांदा ‘मोकळा’ करायचा म्हणून पोरांचे हात रेटणं बंद करा

बॅकहँडवाला:
काल ‘टेनिसपप्पा’ यांनी इथं लिहिलं की त्यांच्या ११ वर्षांच्या मुलाचा खांदा ‘कडक’ आहे, म्हणून रोज कोर्टावर जायच्या आधी ते त्याचा हात दाराच्या चौकटीला टेकवून मागं रेटतात. दोन-दोन मिनिटं. वर ‘जितका लवचिक तितकी सर्व्हिस जोरात’ हे वाक्य. खाली कौतुकाचा पूर. एकानं तर टॉवेलनं ओढायची युक्ती सांगितली. सोलापुरी टॉवेलचा हा उपयोग मला नवीन आहे.

अहो, सर्व्हिस करणाऱ्या पोराचा खांदा मागं जायला कमी पडतच नाही. हजारो वेळा हात डोक्यामागं टाकून तो बाहेरच्या बाजूला आपोआप जास्त वळायला लागतो. कमी होतं ते आतलं वळण. पोराला उताणं झोपवा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, पंजा छताकडं. आता पंजा पायाकडं झुकवा. डाव्या हातानं ६५ अंश आणि उजव्यानं ४०, असं दिसलं की जागे व्हा. चेंडूला फटका बसल्यावर सुटलेला हात थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या बाजूला करावं लागतं, तीच बाजू आखडते. आणि तुम्ही ताणताय पुढची, जी आधीच सैल आहे!

मी स्वतः सोलापुरात पार्क मैदानाच्या आसपास वाढलेला. १६ व्या वर्षापर्यंत खेळलो. माझ्या सरांचाही हाच मंत्र होता. आज ३८ चा आहे. उजवा हात पाठीमागून वर नेला तर अंगठा कमरेच्या पट्ट्यापाशी अडकतो, डावा सरळ फऱ्याच्या हाडाला, म्हणजे खांद्याच्या पात्याला लागतो. पाठीला साबण डाव्यानंच लावतो.

टेनिसपप्पा:
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभार. तुमचा खांदा गेला तो ताणल्यामुळं कशावरून? तुम्ही सांगितलं म्हणून? माझ्या मुलाची सर्व्हिस तीन महिन्यांत सुधारलीय, ही वस्तुस्थिती आहे. घरी बसून अंश मोजणाऱ्यांनी सकाळी साडेपाचला होटगी रोडवर येऊन बघावं.

तालीमवाला:
दोघंही चुकायलाय. आमच्या आज्ज्यानं काय ताणलं होतं बे? जोर मारले, मुद्गल फिरवली, भाकरी-शेंगाचटणी खाल्ली. ८० व्या वर्षी माळ्यावरचा पेटारा एकटा खाली घ्यायचा. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजाची उंच काठी पेलणारी पोरं बघा, महिनाभर आधीपासून सराव करतात. त्यांना कुणी अंशबिंश मोजत नाही. आजकालच्या पोरांना ताकदच नाही, लवचिकता घेऊन काय करता.

बॅकहँडवाला:
आज्जोबांनी दिवसाला दीडशे सर्व्हिस मारल्या होत्या का? नंदीध्वजाचा भार पेलणं वेगळं, हात डोक्यावरून भिरकावणं वेगळं. पण ताकदीचं म्हणणं अर्धं मान्य. नाइलाजानं.

फिजिओताई:
थोडं मध्ये बोलते, रोज हेच बघते म्हणून. बॅकहँडवाला यांचं मूळ बरोबर, पण नुसतं ‘आतलं वळण कमी म्हणजे धोका’ असं नसतं. लहानपणापासून खेळणाऱ्यांच्या दंडाचं हाडच वाढताना थोडं मागं पिळलेलं राहतं. मग आतलं २० अंशांनी कमी आणि बाहेरचं (पंजा डोक्याकडं झुकवल्यावरचं) २० नं जास्त, म्हणजे बेरीज दोन्ही हातांची सारखी. त्याला ताणून उपयोग नाही, हाड ताणलं जात नाही. बेरीजच कमी भरली तर मागची बाजू आखडलीय असं समजायचं. म्हणून आधी मोजा, दोन्ही हात, आणि मोजताना फऱ्याचं हाड दाबून धरा, नाहीतर ते उचललं जातं आणि खोटा आकडा येतो.

खेळायच्या आधी दोन मिनिटं ताणून धरणं नकोच, जोर तात्पुरता कमी पडतो. आधी हात फिरवणं, हलक्या रबरानं ओढणं. ताणायचं ते खेळून झाल्यावर: पाठ भिंतीला, दुसऱ्या हातानं कोपर धरून छातीवरून आडवं ओढायचं, तीस सेकंद, दोन-तीनदा. मुलगा ‘दुखतंय’ म्हणाला की तिथंच थांबायचं. अकरा-बारा वर्षांत दंडाच्या वरच्या टोकाची वाढीची चकती, जिथून हाड वाढतं ती, अजून कच्ची असते, तिथलं दुखणं ‘सवय होईल’ म्हणून सोडू नका.

चौथामजला:
ताई, एक विचारू? माझी मुलगी १३ ची, खांदा दुखायलंय म्हणते. सरांनी सांगितलं लवचिकता कमी आहे. मी नीट बघितलं तर दुखतं ते आठवड्यातून एक-दोनच दिवस. पाणी येतं त्याच्या दुसऱ्या दिवशी! मोटार वर चढवत नाही, खालच्या टाकीतून बादल्या आम्ही दोघी नेतो. ती सात-आठ नेते, जिने चार. आणि मग सकाळी सर्व्हिसचा सराव.

जुळेसोलापूरकर:
मुद्द्यावर आलात! उजनी शंभरावर किलोमीटर लांब, धरण भरलं तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी. उजनीहून येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीच्या बातम्या वाचून माझे केस पिकले. आणि इथं मातीच्या कोर्टावर रोज पाणी मारा म्हणणारे आहेत.

बॅकहँडवाला:
कोर्टावर पाणी मारा असं या धाग्यात कुणी म्हटलं?

जुळेसोलापूरकर:
मागच्या महिन्यात म्हटलं होतं. तुम्हीच.

बॅकहँडवाला:
म्हटलं होतं. सिमेंटवर गुडघे जातात म्हणून. त्याचा इथं संबंध नाही.

तालीमवाला:
संबंध कसा नाही? पाणी वाहिलं म्हणजे व्यायाम झाला. आमच्या आया घागरी वाहून…

चौथामजला:
आयांच्या घागरींचं कौतुक पुरुषांनी करू नये. माझ्या आईचा उजवा खांदा आज वर जात नाही, वेणी मी घालते तिची. कुणी ‘व्यायाम’ म्हटलं की डोकं फिरतं माझं.

तालीमवाला:
बरं ताई, चुकलं.

टेनिसपप्पा:
बादली खाली लटकते, सर्व्हिस डोक्यावरून होते. संबंध काय? उगाच पाण्याचं राजकारण खेळात आणायलाय.

फिजिओताई:
संबंध आहे. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो. जिना चढताना फऱ्याचं हाड जागेवर धरणारे स्नायू आदल्या दिवशीच दमलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच जिवावर सर्व्हिस. हाड सरकतं, खांद्यातली जागा चेपते, दुखतं. न बघता एवढंच सांगू शकते, बघायला आणा तिला. तोवर पाण्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हिस नको, पाय हलवायचा सराव करू द्या. सर्व्हिसचा जोर पायातून आणि कमरेतून येतो. पाय गुडघ्यात न वाकवणारी पोरं सगळा भार खांद्यावर टाकतात.

जुळेसोलापूरकर:
म्हणजे महापालिकेनं पोरीची सर्व्हिस बंद पाडली, असंच ना.

बॅकहँडवाला:
आणखी एक राहिलं. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार दहा वर्षांखालच्या स्पर्धेत नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. लाल, नारंगी, हिरवा, असे मंद चेंडू. आमच्याकडं सहा वर्षांच्या पोराच्या हातात मोठी रॅकेट आणि कडक चेंडू. बापाला घाई. नंतर म्हणायचं खांदा कडक आहे. टेनिसपटू मारिया शारापोव्हाच्या खांद्याची शस्त्रक्रिया २००८ मध्ये झाली, विशीतच. परतल्यावर सर्व्हिसची पद्धत बदलावी लागली. तिच्याकडं तर जगातले उत्तम लोक होते.

टेनिसपप्पा:
‘बापाला घाई’ हे मला उद्देशून होतं, समजलं. सूर आवडला नाही.

तरी रात्री मोजलं. फोनमधल्या कोन मोजायच्या सोयीनं, बायकोनं फऱ्याचं हाड धरलं, मुलगा गुदगुल्यांनी हसत होता म्हणून तीनदा. डावा आत ६०, बाहेर ९५. उजवा आत ३५, बाहेर १०५. बेरीज १५५ आणि १४०. चौकट बंद केलीय. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, ताईंनी सांगितलं म्हणून.

बॅकहँडवाला:
वा. तीन महिन्यांची वस्तुस्थिती एका रात्रीत बदलली की.

टेनिसपप्पा:
अंगावर येऊ नका उगाच. ताई, फरक १५ चा आहे, कुणाला दाखवू?

फिजिओताई:
खासगी संदेश करा. मुलाला दुखतंय का, तेही लिहा. आणि चौथामजला, तुम्हीही.

चौथामजला:
करते. आज आमच्याकडं पाण्याची पाळी होती, अजून थेंब नाही. सात रस्त्याकडं कुणाकडं आलंय का?