जैसलमेरच्या मरू राष्ट्रीय उद्यानात जाऊन राहिलो, आजूबाजूला काय पाहावं?

आर्वीकर:
राम राम मंडळी. तूर निघाली की जानेवारीअखेर आम्ही घरचे चौघं गाडीनं जैसलमेरले जाऊन राहिलो. मुख्य जाणं मरू उद्यानासाठी. पण एवढ्या दूर जाऊन उंटावर बसायचं अन् परत यायचं, हे मनाले पटत नाही. एका दिवसात जाऊन येता येईल असं काय आहे? येताना वेगळा रस्ता धरला तर काय लागते? आईचे गुडघे दुखतात, जास्त चालणं होत नाही.

वरोऱ्याचा भाऊ:
दादा, उद्यानासाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. आमच्या वरोरा तालुक्यात माळढोक पक्षी होता, बाबांनी धुऱ्यावर उभं राहून पाहिला. मला तो पाहायला जैसलमेर गाठावं लागलं. तिथं त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. म्हणून सांगून राहिलो, सम गावच्या वाळूवर संध्याकाळ घालवली म्हणजे उद्यान पाहिलं असं नाही. ते ३,१६२ चौरस किलोमीटर आहे, जैसलमेर अन् बाडमेर दोन जिल्ह्यांत पसरलेलं, अन् त्यात वाळूच्या टेकड्यांपेक्षा खडकाळ माळ अन् गवतच जास्त. उद्यानातल्या सुदासरीकडे उजाडताच पोहोचा. परवान्याचं आदल्या दिवशी जैसलमेरच्या वनकार्यालयात विचारून ठेवा. चिंकारा, गिधाडं, वाळवंटी कोल्हा दिसू शकतात.

एक कळकळीची विनंती. गाडी चाकोरीबाहेर घालू नका. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अन् वरच्या विजेच्या ताराही बघा. एवढा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. कित्येक तसेच गेले.

तनोट अन् लोंगेवाला एका दिवसात होते, पण तो दिवस पूर्ण द्या. जैसलमेरहून तनोट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत रामगडला टाकी अन् पाण्याचे कॅन भरून घ्या, पुढे भरवसा नाही. तनोट मातेच्या देवळात न फुटलेले बॉम्ब ठेवलेले आहेत, देऊळ सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात. परतताना लोंगेवाला, डिसेंबर १९७१ ची लढाई तिथलीच. आईंना दोन्हीकडे फारसं चालावं लागत नाही. कुलधरा हे ओसाड गाव समच्या वाटेवरच आहे, तासभर पुरे.

परतवाड्याचा ड्रायव्हर:
वरूड-मुलताई-बैतूल-हरदा करून पहिला मुक्काम इंदूर. मग चित्तोड, मग जोधपूर. जोधपूरच्या पुढे रात्री गाडी चालवू नका जी, रस्त्यावर उंट अन् गाई बसलेल्या असतात. जातानाच फलोदीजवळ खिचनला थांबा. थंडीत तिथं करकोच्यांचे थवेच्या थवे येतात, गावकरी त्यांना दाणे टाकतात.
परतताना बाडमेरचा रस्ता धरा. जैसलमेर सोडलं की थोड्याच अंतरावर आकल लागते, तिथं अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडले आहेत. बाडमेरजवळ किराडूची देवळं. तिथून जालोर, उदयपूर.

आर्वीकर:
खिचननं जाणं, बाडमेरनं येणं पक्कं. तनोटले पूर्ण दिवस ठेवला. वरोऱ्याचे भाऊ, वाटाड्या सुदासरीतच पाहावा का जैसलमेरातून न्यावा?

वरोऱ्याचा भाऊ:
जैसलमेरातूनच ठरवा, अन् पक्षी ओळखणाराच घ्या. गोडावणाजवळ गाडी नेऊन दाखवतो म्हणणाऱ्याला तिथंच नाही म्हणा. दुर्बीण घरून न्या. अन् पहाटे लय थंडी असते, आईंसाठी गोधडी गाडीतच राहू द्या.