कॅथलिक रुग्णालयाच्या विम्यात संततिनियमन वगळले आहे; अपील कसे करावे? (अमेरिका)

नमस्कार. मी गेली सहा वर्षे अमेरिकेत एका कॅथलिक रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझा एच-1बी व्हिसा रुग्णालयानेच काढलेला आहे आणि एच-4 (जोडीदाराच्या आश्रित व्हिसा) वर असलेल्या माझ्या नवऱ्याला कामाचा परवाना अद्याप मिळालेला नाही, त्यामुळे आम्हा चौघांचा आरोग्य विमा माझ्या एकटीच्या नोकरीवर अवलंबून आहे. येथील विम्याच्या कायद्यांची ज्यांना माहिती आहे, त्यांच्याकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

धाकट्याच्या जन्मानंतर पाळीच्या वेळी माझ्या अंगावरून फार जाऊ लागले. हिमोग्लोबिन 8.4 वर आले आणि रुग्णांना चालवताना मलाच भिंतीचा आधार घ्यावा लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी मिरेना बसवून घेण्याचा सल्ला दिला. हे साधन आपल्याकडच्या तांबीसारखेच गर्भाशयात बसवतात, मात्र त्यात तांब्याऐवजी हार्मोन असते आणि त्याने रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. आम्हाला तिसरे मूल नको आहे, म्हणजे एकाच उपायाने दोन्ही गरजा भागणार होत्या, म्हणून मी लगेच होकार दिला. डॉक्टरांच्या दवाखान्याने विम्याकडे पूर्वमंजुरी मागितली आणि पंधरा दिवसांत नकाराचे पत्र आले. संततिनियमनाच्या सेवा आपल्या योजनेत समाविष्ट नाहीत, एवढेच त्यात लिहिले होते. खाली बारीक अक्षरांत झेड30.430 हा संकेतांक होता. त्याचा अर्थ 'गर्भाशयात गर्भनिरोधक साधन बसवण्यासाठी भेट' असा आहे, हे मला नंतर कळले. रक्तस्रावाचा त्या कागदावर कुठेही उल्लेख नव्हता. स्वतः पैसे भरायचे झाल्यास सुमारे साडेतेराशे डॉलर लागतील.

मनुष्यबळ विभागाने 'आपल्या संस्थेला धार्मिक सूट आहे' असे एका वाक्याचे उत्तर दिले, म्हणून मी स्वतःच वाचन केले. 2010 च्या आरोग्यसेवा कायद्याखाली ऑगस्ट 2012 पासून विमा योजनांना संततिनियमनाची मान्यताप्राप्त साधने रुग्णाकडून पैसे न घेता देणे बंधनकारक झाले. चर्चना त्यातून सूट होती, आणि धार्मिक रुग्णालये व विद्यापीठे यांच्यासाठी मधला मार्ग काढला गेला: संस्थेने आपला आक्षेप लेखी कळवायचा आणि पुढचा खर्च विमा कंपनीने किंवा योजना चालवणाऱ्या कंपनीने वेगळा करायचा. 30 जून 2014 रोजी हॉबी लॉबी या दुकानसाखळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी, 1993 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याच्या आधारे, मोजक्या मालकांच्या खासगी कंपन्यांनाही आक्षेपाचा हक्क दिला. पुढे 2018 च्या नियमांनी सूट आणखी रुंदावली आणि मधला मार्ग ऐच्छिक केला. हे नियम करण्याचा सरकारचा अधिकार 2020 मध्ये, वृद्धांची सेवा करणाऱ्या 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या जोगिणींच्या खटल्यात, 7 विरुद्ध 2 मतांनी मान्य झाला. यामुळे 70,500 ते 1,26,400 स्त्रियांचे संरक्षण जाईल, असा सरकारचाच अंदाज होता.

या जोगिणींबद्दल माझ्या मनात अनादर नाही. माझे वडील गेले तेव्हा मला भारतात जाता आले नाही. त्या रात्री आमच्या रुग्णालयातील एक वयस्कर सिस्टर माझ्याजवळ तीन तास बसून होत्या आणि त्यांनी माझ्या धर्माबद्दल एक शब्दही काढला नाही. नुसत्या अर्जावर सही केली तरी आपण पापाचे भागीदार होतो असे कुणाला मनापासून वाटत असेल, तर तेही मी समजू शकते. आमचे घर माळकरी आहे. आमच्या चुलीवर मांस शिजणार नाही, हा आग्रह सगळ्यांना मान्य असतो. पण आमच्या शेतावरच्या गड्याने आपल्या मजुरीतून काय विकत घ्यावे, हे माझ्या आजोबांनी कधी ठरवले नाही. विमा ही मला कुणी दिलेली देणगी नाही, ती माझ्या मजुरीचाच भाग आहे, असे मला ठामपणे वाटते. (संततिनियमनाचा पुरस्कार केला म्हणून र. धों. कर्वे यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजातील, म्हणजे एका मिशनरी संस्थेतील, प्राध्यापकी सोडावी लागली होती, याची या दिवसांत वारंवार आठवण होते.)

दवाखान्यातील परिचारिकेने सुचवले की 'फक्त रक्तस्राव' असे लिहून पुन्हा अर्ज करा. माझी दोन्ही कारणे खरी आहेत, आणि त्यातले एक सांगून दुसरे गिळून टाकणे मला जड जाते. असे लिहिणे लबाडीचे ठरेल का? अपील केल्याने नोकरीवर आणि पर्यायाने व्हिसावर परिणाम होऊ शकतो का? आणि मनुष्यबळ विभागाकडे नेमके काय मागावे?

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षे विमा दाव्यांचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. सर्वप्रथम योजनेचे संपूर्ण माहितीपत्रक लेखी मागा आणि योजना विमा कंपनीची आहे, रुग्णालय स्वतःच्या पैशांतून चालवते, की ती 'चर्चची योजना' म्हणून नोंदलेली आहे, हे विचारा. सगळे यावर ठरते. विमा कंपनीची असल्यास राज्याचा कायदा लागू होतो, आणि काही राज्यांचे कायदे केंद्रापेक्षा कडक आहेत. रुग्णालय स्वतः चालवत असल्यास 1974 च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचा कायदा बाजूला पडतो, मात्र योजनेतील हक्क बजावल्याबद्दल कर्मचाऱ्याला त्रास देणे याच कायद्याने निषिद्ध आहे. चर्चच्या योजनेला हे संरक्षण सहसा मिळत नाही, म्हणून ही चौकशी आधी करावी. संस्थेने मधला मार्ग स्वीकारला आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. स्वीकारला असेल तर साधनाचा खर्च वेगळ्या खात्यातून मिळू शकतो. 2018 चे नियम ऑगस्ट 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयाने वेगळ्या मुद्द्यावर रद्द ठरवले आणि त्याविरुद्ध अपील झाले, तेव्हा त्या निकालावर विसंबून थांबू नका.

आता लबाडीचा प्रश्न. अतिरिक्त रक्तस्रावाचा संकेतांक एन92.0 आहे आणि तो तुमच्या रक्ताच्या अहवालाने सिद्ध होतो, त्यामुळे तो लिहिण्यात काहीही खोटे नाही. किंबहुना खुद्द पोप पॉल सहावे यांच्या 1968 च्या परिपत्रकात, आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार गर्भधारणेला आडकाठी करणारा असला तरी चालेल, मात्र ती आडकाठी हाच थेट हेतू नसावा, असे म्हटले आहे. म्हणजे रक्तस्रावावरील उपचार म्हणून केलेली मागणी त्यांच्या शिकवणुकीतही बसते. नकारापासून 180 दिवसांच्या आत अपील करा आणि सोबत डॉक्टरांचे पत्र व हिमोग्लोबिनचे अहवाल जोडा. तेही फेटाळले गेल्यास करमुक्त वैद्यकीय बचत खात्यातून पैसे भरता येतात, आणि केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या कुटुंबनियोजन दवाखान्यांत उत्पन्नानुसार शुल्क आकारतात.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. योजना रुग्णालय स्वतःच चालवते, ती चर्चची योजना नाही आणि मधला मार्ग स्वीकारलेला नाही, असे आज लेखी उत्तर आले. डॉक्टरांनी एन92.0 घालून नवे पत्र दिले आहे. अपिलात मी रक्तस्राव हेच कारण मांडणार आहे, पण कुणी थेट विचारल्यास तिसरे मूल नको आहे हेही सांगणार आहे. सोमवारी कागद पाठवते. अशा अपिलानंतर बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी कुणी करून घेतली असेल, तर त्याला किती दिवस लागले आणि तोवर उपचाराचे काय केले, हे कृपया लिहावे.