मुंबईत एकटीला राहायला एरिया कोणता बघू? ऑफिस बीकेसी, गाव परभणी

परभणीकरीण

नमस्कार मंडळी, मी मूळची परभणीची, चार वर्षं झाले संभाजीनगरला अकाउंट्समधे जॉब करायलेय आणि आता मुंबईला नोकरी लागली, १० जूनला जॉइन व्हायचंय. ऑफिस बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सला. वय २८, लग्न झालेलं नाही, एकटीच राहणार. मुंबई आजपर्यंत दोनदाच बघितली, एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा इंटरव्ह्यूला, तेव्हा कुर्ल्याला उतरून रिक्षानं गेले आणि तशीच परत आले, बाकी काहीच माहीत नाही. ऑफिस साडेदहाला सुरू होतं पण महिनाअखेरीला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतेत असं तिथल्या मॅडमनी आधीच सांगून टाकलंय.

घरी रोज हीच चर्चा. अण्णा म्हणतात डोंबिवलीला मामाकडं राहा, एकटी नको. मैत्रीण म्हणती खारघर बघ, मोकळं आहे, स्वस्त आहे. एकानं कलिना सांगितलं, ऑफिसच्या जवळ म्हणून. भाड्याला २० हजाराच्या वर जायचं नाही, घरी पण पैसे पाठवायचेत. मला एवढंच पाहिजे की रात्री परत येताना जीव मुठीत धरून यायची वेळ नको, महिन्यातून एकदा तरी परभणीला जाता यावं कारण आईचे गुडघे दुखतात, आणि स्वतः करून खाता यावं, मला भाकरीशिवाय जमत नाही. जे राहिलेत त्यांनीच सांगा. फ्लॅटच्या जाहिराती नेटवर भरपूर आहेत, तिथं राहणं कसं आहे ते कोणी सांगत नाही.

हिंगोली ते मुलुंड

ताई, अभिनंदन. मी ११ वर्षांपासून इथं आहे, पहिली दोन वर्षं डोंबिवली, मग मुलुंड पूर्व. एक गोष्ट आधी डोक्यातून काढा, ती म्हणजे किलोमीटर. आपल्याकडं परभणी ते जिंतूर किती लांब म्हणलं की आपण किलोमीटर सांगतो, इथं कोणीच सांगत नाही, इथं कोणती लाइन, गाडी कुठं बदलायची आणि स्टेशनवरून पुढं काय, एवढंच विचारतात. बीकेसीच्या एका बाजूला कुर्ला आणि दुसऱ्या बाजूला वांद्रे, पण दोन्ही स्टेशनावरून पुढं शेअर रिक्षा नाहीतर बस करावी लागते आणि खरा जीव जातो तो ह्याच शेवटच्या तुकड्यात. सकाळी नऊ वाजता कुर्ला पश्चिमेला रिक्षाची लाइन बघा एकदा, पाऊस असला की लाइन तीच राहते पण रिक्षाच येत नाहीत.

डोंबिवलीचं मनापासून सांगतो, मामाचं घर असलं तरी रोजच्यासाठी नको. गाडी कल्याणहूनच भरून येते, तुम्हाला फक्त दारात लटकायला जागा मिळते. मी दोन वर्षं केलं, घरी आलो की जेवायची पण ताकद राहत नव्हती. रविवारी मामाकडं जेवायला जा, नात्याला तेवढं बास आहे.

खारघरहून हार्बर लाइनच्या लोकलनं थेट कुर्ला येतं, गाडी बदलायची नाही हे खरं. पण तुमचा नियम रात्री साडेनऊचा आहे ना, मग हिशोब तिथून करा. बीकेसीतून रिक्षा, कुर्ला, लोकल, खारघर स्टेशन आणि तिथून परत रिक्षा, कारण सेक्टर स्टेशनपासून आत आत पसरलेत. महिनाअखेरीला हे रोज होणार.

माझं मत मरोळ नाका. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे, जमिनीखालून जाते, मरोळ नाक्याला बसलं की बीकेसीला उतरायचं, मधे काही बदलायचं नाही. आणि परभणीचं म्हणाल तर त्याच मेट्रोवर सीएसएमटी स्टेशन आहे, शुक्रवारी रात्री बॅग घेऊन मेट्रोतून उतरा आणि वर येऊन देवगिरी एक्स्प्रेस पकडा, शनिवारी सकाळी परभणी. रविवारी रात्री बसलं की सोमवारी सकाळी मुंबईत. फक्त रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, ते उघडलं त्याच दिवशी काढायचं. दिवाळीचं तर उघडल्या उघडल्या.

जालन्याची

मी कलिनाला दीड वर्ष राहिले त्यामुळं त्याबद्दल मीच बोलते. जवळ आहे, रात्री दहाला सुद्धा रिक्षानं पटकन घरी. पण तो सगळा भाग मिठी नदीच्या बाजूचा, सखल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, मराठवाड्यात सरासरीनं वर्षभरात एवढा पडत नाही, आणि मिठीकाठचं काय झालं ते तिथले जुने लोक अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात, पाणी इथपर्यंत. दरवर्षी तसं होत नाही गं, पण समुद्राच्या गावात पाऊस वेगळाच असतो हे मला तिथं गेल्यावर कळलं. आपल्याकडं पडलेलं पाणी ओढ्याला लागतं आणि निघून जातं. तिथं मोठी भरती असली की समुद्रच पाणी घेत नाही, नाल्यातलं पाणी तुंबून रस्त्यावर येतं, भरती ओसरली की आपोआप उतरतं. म्हणून तिथले लोक पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळ बघतात, महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आधीच सांगते. त्या दिवशी जोराचा पाऊस लागला तर ऑफिसातून लवकर निघ नाहीतर सरळ थांब, मधे अडकू नको. सायन-कुर्ल्याच्या मधे रुळावर पाणी आलं की लोकल बंद, मग डोंबिवली काय आणि खारघर काय, सगळे कुर्ल्यातच.

दुसरं म्हणजे ओल. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा लांब लिहिते. माझी खोली तळमजल्यावर होती, मे महिन्यात बघितली तेव्हा छान, नवा रंग दिलेला. जुलैमधे भिंतीला फुगे आले, ऑगस्टमधे पलंगाखालची बॅग काढली, बाबांनी पहिल्या पगाराला दिलेली चामड्याची बॅग होती ती, तर सगळ्या बॅगेवर पांढरी हिरवट बुरशी, पुसली की दोन दिवसात परत. डिग्रीच्या मार्कशीटला डाग पडले. मालकाला सांगितलं तर म्हणाले खिडकी उघडी ठेवत जा, आणि खिडकी उघडली की पाऊस आत. निघताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे पण कापून घेतले. म्हणून खोली बघताना कमरेइतकाच नवीन रंग दिसला तर समज की खाली ओल आहे. तळमजला नको आणि सगळ्यात वरचा पण नको, वरचा गळतो. पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळं पश्चिम-दक्षिणेची उघडी भिंत भिजते, पलंग आणि कपाट त्या भिंतीला लावू नको. कागदपत्रं घरीच ठेव, झेरॉक्स ने.

आणि पीठ. ज्वारीचं पीठ आठ दिवसाच्या वर ठेवायचं नाही, दमट हवेत कडू पडतं आणि भाकरी थापताना तुटते. गावाहून आई डबा भरून देते, मी पण आणायचे, दोनदा टाकून द्यावं लागलं आणि दोन्ही वेळा रडू आलं. ज्वारी न्यायची आणि तिथल्या गिरणीत थोडी थोडी दळायची.

सेक्टर १२

खारघरला मी सहा वर्षं आहे, हवा मोकळी, डोंगर समोर, बहिणींना पण एकटं फिरायला काही वाटत नाही. ऑफिस बेलापूर, वाशी, ऐरोली ह्या बाजूला असतं तर डोळे झाकून या म्हणलं असतं. बीकेसीला रोज नको, वरचे दादा बरोबर बोलले.

लातूर रोड

एरियाचं वरच्यांनी सांगितलंच, मी कागदाचं सांगतो कारण लोक इथंच फसतात. मुंबईत भाड्याला लिव्ह अँड लायसन्सचा करार करतात, बहुतेक ११ महिन्यांचं, आणि पुष्कळ जणांना वाटतं की ११ महिन्यांचं असलं की रजिस्टर करायला लागत नाही. चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नसला आणि पुढं वाद झाला तर अटी काय होत्या ह्याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून मालक नोटरीवर भागवू म्हणला तर नम्रपणे सांगा की रजिस्टरच करू. घरी बसून ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १ हजार रुपये, स्टॅम्प ड्युटी भाड्याच्या एकूण रकमेवर पाव टक्का, डिपॉझिटचं थोडं वेगळं धरतात. करारात डिपॉझिट किती दिवसात परत आणि रंगाचे पैसे कोणाचे हे लिहून घ्या, वरच्या ताईंसारखं होणार नाही. पोलिस व्हेरिफिकेशन पण करून घ्या, त्याला घाबरायचं काही नाही.

हिंगोली ते मुलुंड

लातूर रोड, ११ महिन्यांचं हे मला इतक्या वर्षात कोणी सांगितलं नव्हतं, आभार. परभणीकरीण ताई, अजून एक, एकट्या मुलीला घर द्यायला काही सोसायट्या कुरकुर करतात, रात्री कधी येणार, कोण येणार असलं विचारतात. पहिल्या भेटीतच हे बोलून घ्या, राहायला गेल्यावर ऐकून घेण्यापेक्षा बरं. आणि माझा आग्रह असा की आत्ता फ्लॅट घेऊच नका. पहिला पावसाळा पीजीत, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून काढा, किचन वापरू देतात अशा. दसऱ्यापर्यंत तुम्हालाच कळेल कुठं राहायचं.

परभणीकरीण

सगळ्यांचं वाचलं, अण्णांना पण वाचून दाखवलं. गेल्या शनिवारी अण्णा आणि मी देवगिरीनं गेलो. सोमवारी मुद्दाम थांबलो आणि सकाळी पावणेनऊला मरोळ नाक्याहून बीकेसीला मेट्रोनं गेलो, गर्दी होती पण उभं राहायला जागा मिळाली, अण्णा मला दाराच्या बाजूला उभं करून स्वतः पुढं थांबले. मग परत त्याच दिवशी रात्री साडेनऊला बीकेसीतून निघून बघितलं. मरोळ नाका स्टेशनपासून जी पीजी घेतली तिथपर्यंत सात मिनिटं चालत, रस्त्यावर मेडिकल, इस्त्रीवाला, वडापावची गाडी सगळं चालू, बायका येताना दिसत होत्या. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, बरं आहे. शेवटची मेट्रो किती वाजता ते स्टेशनवरून लिहून आणलं.

तीन पीजी बघितल्या. एकीत भिंतीला कमरेइतकाच रंग होता, जालन्याची ताई, मी हात लावून बघितलं, गार लागली, तिथूनच परत फिरलो. जी घेतली ती दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेची खिडकी, एका खोलीत दोघी, दुसरी मुलगी सोलापूरची आहे आणि तिच्याकडं तवा आहे. भाडं १४ हजार, किचन वापरायला हरकत नाही. मामाला वाईट वाटलं थोडं, पण महिन्यातून एक रविवार नक्की म्हणून कबूल केलंय.

आता एवढंच राहिलंय, मरोळच्या आसपास ज्वारी दळून देणारी गिरणी कोणाला माहितीय का? सोलापूरची म्हणती ती गव्हाचं पीठ विकत आणती.

जालन्याची

गव्हाची गिरणी असली तरी जा आणि सांग की ज्वारी सगळ्यात शेवटी, दुकान बंद करताना दळा. आधी गहू दळलेला असतो, पहिलं अर्धा किलो त्याचंच मिसळून येतं, तेवढं बाजूला काढायला सांग. दोन किलोच्या वर एका वेळी दळू नको. आणि आईला सांग की ज्वारी उन्हात चांगली वाळवून दे, जूनच्या आधी.