प्रश्न राख कुठली हा आहे

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या विटा म्हणजे घरात विष भरणं, असं कुणीतरी लिहिलंय. सरसकट तसं नाही. चुना किंवा सिमेंटशी राख नीट बांधली गेली की तिच्यातले जड धातू बऱ्यापैकी अडकून राहतात. आपण रोज वापरतो त्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्येही १५ ते ३५ टक्के राख असतेच. धोका सुट्या राखेचा जास्त. उघड्या गाडीतून उडणारी, मास्कशिवाय माल कालवणाऱ्या मजुरांच्या छातीत जाणारी. या मजुरांबद्दल त्या चर्चेत कुणी बोललंच नाही, आणि तेच सगळ्यात जास्त भोगतात.

दुसरं, सगळी राख सारखी नसते. चिमणीच्या आधी पकडलेली कोरडी राख बारीक असते; केंद्र पाण्यासोबत राख सोडतं त्या तळ्यातल्या राखेत बॉयलरच्या तळाची जाडी राख मिसळलेली असते. नाशिकरोडला आमच्या साइटवर आलेली एक वीट फोडली तर आत न जळलेल्या कोळशाचे काळे ठिपके, आणि कडेचा बोटाने भुगा होत होता. अख्खी गाडी परत पाठवली. आयएस ३८१२ या राखेच्या भारतीय मानकाप्रमाणे सिमेंटसोबतच्या राखेत जळून घटणारा भाग (मुख्यतः न जळलेला कोळसा) ५ टक्क्यांच्या आत हवा. त्याचा चाचणी अहवाल मागा, आणि विटांवर किती दिवस पाणी मारलं तेही विचारा.